प्रत्यंचेवरचा दोरा

एकदा एका नदीकाठी एक वृद्ध धनुर्धर राहत असे. नदी ओलांडायच्या तराफ्याचा दोर तुटला की तो सुतळी बांधलेला बाण पैलतीरावरच्या गवताच्या भाऱ्यात मारायचा. मग पलीकडचे लोक त्या सुतळीने नवा दोर ओढून घेत. बाण वर गेला तर कड्याच्या कपारीत अडके.

वृद्धाची दृष्टी मंदावली आणि हे काम हैबती नावाच्या शिष्याकडे आले. पण पडल्यामुळे त्याचा खांदा दुखावला. प्रत्यंचा कानापर्यंत ओढता येईना. गुरूंनी हात हनुवटीखाली टेकवायला शिकवले. बाण चहूकडे विखुरले. घाबरून हैबती रोज प्रत्यंचेवरचा, बाण कुठे बसवायचा ते दाखवणारा दोरा कधी वर, कधी खाली सरकवू लागला.

चौथ्या दिवशी गुरूंनी त्या दोऱ्यावर वितळलेली लाख ओतली.

"गुरुजी, पुराचे दिवस आलेत!"

"म्हणूनच. आता याला हात लावायचा नाही."

अकरा दिवस गेले. बाण जवळजवळ पडू लागले, पण सगळे वरच. हैबतीची झोप उडाली.

बाराव्या दिवशी सकाळी दोर तुटला. पैलतीरी एक बाई अडली होती आणि सुईण अलीकडे. तिकडे त्या बाईचा नवरा हात जोडून उभा होता.

"लाख फोडा, गुरुजी!"

"आधी याच काठावर, तेवढ्याच अंतरावरच्या सरावाच्या भाऱ्यावर तीन बाण मार."

तिन्ही बाण एकमेकांना चिकटून, भाऱ्यापेक्षा वीतभर वर, मागच्या दरडीत रुतले. गुरूंनी नखाने लाख फोडली आणि दोरा गव्हाच्या दाण्याएवढा वर घेतला; बाणाची शेपटी वर गेली की टोक खाली झुकते.

"बांध सुतळी."

हैबतीने प्रत्यंचा ओढली. हात हनुवटीखाली नेमका टेकला. बाण भाऱ्यात घुसला. पलीकडे लोक सुतळीवर तुटून पडले.

सुईण पार गेल्यावर हैबतीने विचारले, "हे पहिल्याच दिवशी का नाही केलंत?"

"पहिल्या दिवशी तुझा हात दर बाणाला वेगळ्या जागी होता, आणि दोराही तू रोज सरकवत होतास. चूक हाताची की दोऱ्याची, हे कळणार कसं? हात ठरला तेव्हा चूकही एका जागी ठरली. तेवढी मग दुरुस्त करता आली."

दुपार कलताना सुईण पैलतीराच्या काठावर आली आणि बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याची खूण म्हणून तिने दोन्ही हात उंचावले. हैबतीने गुरूंच्या पायांवर डोके ठेवले.

नवे काही शिकताना आपणही रोज साधने बदलत बसतो. त्याआधी आपला हात ठरला आहे का, एवढे पाहावे.