पांढरी पायरी

गाडी कुठे आहे, असं तुम्ही मघापासून दोनदा विचारलंत. सांगतो, पण आधी माझ्याबरोबर घाटावर चला. जपून उतरा. हा सगळा घाट काळ्या दगडाचा, आणि पाण्यालगतची ही शेवटची पायरी तेवढी पांढरी, संगमरवरी. आमच्या अंबळखेडला नवा माणूस आला की हिच्याबद्दल विचारतोच. क्लबात मी सगळ्यांत म्हातारा, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे.

असं सांगतात की, साता समुद्रापलीकडच्या एका शहरात वेगवेगळ्या धंद्यांतली काही माणसं एकटेपणाला कंटाळून एकत्र जमू लागली. आज याच्या कचेरीत, पुढच्या खेपेला त्याच्या. त्यातून मैत्री झाली, आणि मैत्रीतून गावासाठी काही करावंसं वाटलं. तोच आमचा क्लब. ते लोण देशोदेशी फिरत इथे पोचलं तेव्हा आमच्याकडे वीजही धड नव्हती. एका आठवड्यात वखारीत ओंडक्यांवर बसून सभा, दुसऱ्या आठवड्यात दवाखान्याच्या बाकांवर. माझे वडील घरी येऊन त्या सभांचं वर्णन करायचे. ते दिवस मी पाहिले नाहीत, तरी मला त्यांची फार आठवण येते. एका धंद्याचा एकच सभासद, त्यामुळे धंद्यावरून भांडायची सोय नव्हती. मानापानावरून मात्र भरपूर होती.

पहिले अध्यक्ष गुळवेशेठ, लाकडाचे व्यापारी. नदीपलीकडच्या डोणवाडीला जायला पूल नव्हता, म्हणून त्यांनी वखारीतलं उत्तम सागवान काढून नवी होडी बांधवली. घाटावर लावायला संगमरवरी पाटी आली. तिच्यावर कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून म्हणे वकील आणि सराफ बरेच दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. उद्घाटनाला पुण्याहून क्लबचे बडे पाहुणे यायचे होते, आणि त्यांची तारीख सारखी पुढे जात होती. तोवर होडी लाल फीत बांधून, साखळीला कुलूप घालून घाटाशी उभी. इकडे पावसाळा लागला, आणि जुनी होडी फुटली.

एका दुपारी पलीकडच्या काठावरून दगडू कुंभार पटका हलवत हाका मारू लागला. त्याची सून अडली होती. डॉक्टर मिरीकर बॅग घेऊन घाटावर धावले. होडी चालवणारा राणू भोई शेठच्या दारात गेला.

"शेठ, किल्ली द्या. पानी अजून बेतात हाय, तवर डाक्टरास्नी पोचवतो."

शेठ माणूस वाईट नव्हता. पण पाहुण्यांच्या हातून सुटायची फीत आपण कशी सोडायची, असं त्यांना वाटलं. "पुण्याला फोन लावून विचारतो, लगेच होईल," म्हणाले आणि पोस्टात गेले. ट्रंककॉल लागेपर्यंत दुपार कलली. पाहुणे फोनवर वैतागून म्हणाले, "अहो, यात विचारायचं काय? सोडा होडी."

शेठ धावत आले. फीत त्यांनी हातानेच तोडली, आणि डॉक्टरांबरोबर स्वतःही पलीकडे गेले. मूल वाचलं, आई गेली. डॉक्टरही क्लबचेच, इतका वेळ उभं राहून आपणही साखळी तोडली नाही, याचं त्यांना जन्मभर वाईट वाटत राहिलं.

दगडू शेठना पोचवायला काठापर्यंत आला. होडीच्या काठावरून हात फिरवत म्हणाला, "होडी लई चांगली हाय, शेठ."

तेवढंच बोलला, आणि घराकडे वळला.

दुसऱ्या दिवशी शेठनी ती पाटी मजुरांना लावू दिली नाही. स्वतः चिखलात उतरून त्यांनी ती नावांची बाजू खाली करून इथे शेवटची पायरी म्हणून बसवली. आपल्या नावावर लोकांचे पाय पडावेत, एवढंच म्हणाले. वकील आणि सराफ दोघंही शेजारी उभे राहून घमेली देत होते म्हणे.

आजही या गावात फीत कापत नाहीत. क्लबने काही दिलं, की ज्याला गरज असेल त्याने ते आधी वापरायचं. हार आणि भाषणं मागून. नवा अध्यक्ष पहिल्या दिवशी ही पायरी आपल्या हाताने धुतो. पाटीवर कुणाचं नाव वर होतं, ते आता कुणालाच माहीत नाही.

तर रुग्णवाहिकेचं उद्घाटन तुमच्या हस्ते ठरलं होतं, हे खरं. तुम्ही एवढ्या लांबून आलात, हेही खरं. पण गाडी सकाळीच नव्या पुलावरून डोणवाडीला गेली. तिथली एक बाळंतीण तालुक्याला वेळेत पोचली, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, असा आत्ताच फोन आला. गाडी येईल इतक्यात. तोवर बसा इथे, पांढऱ्या पायरीवर पाय ठेवून. त्यासाठीच ती आहे.