हरवलेला झारा आणि नावाड्याची शिंक

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर ज्या राजाच्या काळात ती घडली त्याचं नावसुद्धा आता कोणाला आठवत नाही.

एका नदीकाठच्या गावाला लिहिण्याचा भारी नाद होता. दरवर्षी सुगी संपली की गावातले चौघे मिळून एकच रहस्यकथा लिहीत, आणि तीही पोट धरून हसवणारी. बाड एकच. एकानं अध्याय लिहायचा, बाजाराच्या दिवशी पिंपळाच्या पारावर वाचायचा आणि बाड पुढच्याच्या हाती द्यायचं. नियम दोनच होते. आधीच्यानं लिहिलेलं खोडायचं नाही, आणि ज्यानं गोष्ट सुरू केली त्यानंच ती संपवायची.

त्या वर्षी सुरुवात कासारणीकडे आली. बाई हुशार. हात बांगड्या भरत असायचे आणि तोंड गोष्टी सांगत असायचं. तिनं लिहिलं, की ऐन गावजेवणाच्या दिवशी आचाऱ्याचा मोठा झारा नाहीसा झाला आणि जिलब्या कढईतच काळ्या पडल्या. चौकशीला कोतवाल आला. तो प्रत्येकाचा जबाब लिहून घ्यायचा आणि त्याची बकरी तो कागद खाऊन टाकायची. त्यामुळे पुरावा उरला तो एकच. झारा गेला तेव्हा चुलीमागे कोणीतरी तीनदा शिंकलं होतं आणि प्रत्येक शिंकेला ‘आई भवानी!’ म्हणालं होतं.

पार हसून लोळला. अशी शिंक गावात एकाचीच होती, नावाड्याची. तो मागं बसला होता. तोही हसला, आणि हसता हसता शिंकला. ‘आई भवानी!’ मग तर हशा आवरेना.

पुढचा अध्याय वैद्यबुवांचा. त्यांनी लिहिलं, की चोराचं डावं पाऊल मातीत जास्त रुततं, कारण तो डावीकडे झुकून चालतो. जन्मभर बांबूनं होडी रेटून नावाडी तसाच चालत असे. मग शिंप्यानं चोराच्या बंडीला खांद्यावर हिरवं ठिगळ लावलं. नावाड्याच्या बंडीचं ठिगळ त्यानंच शिवलेलं होतं. शेवटी पंतोजींनी लिहिलं, की पोरांनी तोंड उघडू नये म्हणून चोर त्यांना मूठ मूठ फुटाणे देतो. होडीत बसणाऱ्या प्रत्येक पोराला नावाडी फुटाणे द्यायचा, हे पंतोजींना पक्कं ठाऊक होतं. त्यांची पोरंही ते खात.

चौथ्या बाजारी नावाडी पारावर आलाच नाही.

बाड कासारणीकडे परत आलं आणि दुसऱ्या दिवशी ती पलीकडच्या गावी बांगड्या विकायला घाटावर गेली. होडी रिकामी होती. माणसं कोसभर वळसा घालून वरच्या अंगाच्या उथळ पाण्यातून नदी ओलांडत होती. एक पोर होडीकडे धावलं, तर आईनं त्याला दंड धरून मागं ओढलं.

“लोकांना झालंय काय?” तिनं विचारलं.

“पाटलीणबाईंचा तांब्या हरवला व्हता, आक्का,” नावाडी म्हणाला. “वाड्यावरचे दोघं गडी आले, होडीच्या फळ्या उचकटून बघितल्या. सहज म्हनं. तांब्या त्यांच्याच गोठ्यात घावला. ते सांगाया मातर कोनी आलं न्हाई.” तो गाठोड्याची गाठ आवळत होता. “तुमच्या गोष्टीत चोर कोन निघनार?”

“अजून ठरलं नाही.”

“ठरवा सावकाश. येत्या बाजारी मी होडी घिऊन मामाच्या गावाला निघालो. तितं माझी शिंक कुनाला ठावं न्हाई.”

त्या दिवसापासून कासारणीचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. बांगडी भरताना ती चुकीच्या मापाची चढवू लागली. दोन पोरींच्या मनगटांना काच लागली. जेवायला बसली की उठावंसं वाटे, उठली की कुठं जावं कळेना.

ती वैद्यबुवांकडे गेली. “अहो, मी नुसती चाल घातली,” ते म्हणाले. “चालण्यानं कोणी चोर ठरतं का?” शिंपी म्हणाला, “माझं बोटभर ठिगळ तेवढं हाय त्यात.” पंतोजी म्हणाले, “फुटाणे काय, कोणीही वाटतं. तुम्ही फार मनाला लावून घेता.”

तिला संताप आला. तावातावानं ती घरी निघाली, आणि अर्ध्या वाटेवर तिचे पाय थबकले. शिंक कोणी घातली होती?

झारा माकडानं पळवला असं लिहावं, म्हणून तिनं बाड उघडलं. पण खोडायचं तर नाही. माकड शिंकेल, भवानीचं नाव कसं घेईल? बकरीवर घालावं, तर बकरीला ठिगळाची बंडी कोण घालणार? तीन दिवस ती कोऱ्या पानासमोर बसली. चौथ्या दिवशी बाजार होता.

पार गच्च भरला. नावाडी नव्हता. कासारणीनं वाचायला सुरुवात केली.

“कोतवालानं पाकाची कढई उपडी केली. झारा तळाशी पाकात चिकटून बसला होता. तो कोणी चोरलाच नव्हता.” लोक हसले. “मग कोतवालानं विचारलं, चोरी झालीच नाही, तर इथं हा एवढा चोरीचा माल कसा? ही शिंक कोणाची, ही चाल, हे ठिगळ, हे फुटाणे? एका गरीब माणसाचं हे सगळं न विचारता उचललं कोणी? बकरी पुढं आली आणि बाड लिहिणाऱ्यांकडं बघत उभी राहिली.”

हसू थांबलं. कासारणीनं बाड मिटलं.

“शिंक मी चोरली,” ती म्हणाली. “पहिली चोर मी. बाकीच्यांनी आपापलं सांगावं.”

वैद्यबुवा खाली बघत उभे राहिले. मग शिंपी उठला. पंतोजी सगळ्यांत शेवटी उठले, पण उठले. चौघे घाटाकडे निघाले आणि त्यांच्यामागं गाव.

नावाड्यानं होडीची दोरी सोडली होती. कासारीण गुडघाभर पाण्यात शिरली आणि तिनं होडीचा काठ धरला.

“दादा, चुकलं आमचं. जाऊ नका.”

नावाडी म्हणाला, “हसाया मलाबी आवडतंय, आक्का. पयल्या बाजारी मीबी हसलोच की. पर माझ्या फळ्या उचकटल्या, तवा तुमच्यातलं कोन व्हतं तितं?”

होडी रेटायला त्यानं बांबू पाण्यात टेकला. पंतोजींचं धाकटं पोर बापाचा हात सोडून होडीत चढलं आणि त्यानं सवयीनं ओंजळ पुढं केली. नावाड्यानं आधी पंतोजींकडं बघितलं. त्यांनी मानेनं हो म्हटलं, तेव्हा कुठं त्याचा हात खिशात गेला.

तो राहिला. पुढं चौघांनी तिसरा नियम केला, की ज्याच्यावरून लिहायचं त्याला अध्याय आधी वाचून दाखवायचा. होडीही पुन्हा भरू लागली. पण कासारीण जन्मभर एक गोष्ट बघत राहिली. शिंक आली की नावाडी लोकांकडं पाठ करायचा आणि उपरणं तोंडात कोंबायचा. ‘आई भवानी!’ गावाला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

तात्पर्य : चौघांनी मिळून केलेल्या थट्टेत प्रत्येकाला आपला वाटा चिमूटभर वाटतो, पण ज्याची थट्टा होते त्याला ती सगळी एकट्यानं सोसावी लागते.