माळीबाबांच्या चाकूची मूठ

गाव कोणते ते सोडा, पण त्या गावात एक शिंपी होता आणि त्या शिंप्याला एक खूळ होते. दिवसभर अंगरखे, बंड्या, कुंच्या शिवायच्या आणि हातातले काम संपले की जुने गंजलेले चाकू घेऊन बसायचे. हे चाकू मिटून कमरेला खोचायचे असत, लहानसे. त्यांचे पाते दगडावर घासून लख्ख करायचे, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा, जुनी मूठ काढून टाकायची आणि नवी बसवायची. कधी शिसवीची, कधी शिंगाची, कधी नारळाच्या करवंटीची. या कामाचा तो कोणाकडून छदामही घेत नसे. हौसेला मोल नसते.

त्याची एकच खोड होती. चाकू हाती आला की नवी मूठ बसवल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडत नसे. बोरू तासणारे पंतोजी म्हणाले, “नुसती धार लावून द्या हो,” तरी चाकू परत जायचा तो नव्या मुठीसकट. लोक वा वा करायचे. फुकट मिळालेले नको कोण म्हणेल? आणि ती वा वा ऐकायची शिंप्याला चांगलीच गोडी लागली होती.

शिंपीण म्हणायची, “अहो, लोकांनी मागितलं काय आणि तुम्ही देताय काय?”

“जुनी मूठ म्हणजे फाटका अंगरखा. ती कशाला जपायची?” असे म्हणून तो जुनी मूठ न्हाणीघरातल्या बंबात टाकायचा.

एक दिवस गावच्या आमराईचा म्हातारा माळी त्याच्याकडे आला. आंब्याची कलमे बांधण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. लहानथोर सगळे त्याला माळीबाबा म्हणत. त्याने कमरेचा चाकू काढून पुढे ठेवला. पाते चांगले होते, पण मूठ म्हणाल तर नुसता बाभळीचा ठोकळा. एका बाजूला खोल खळगा, दुसऱ्या बाजूला सुतळी गुंडाळून गुंडाळून आलेला फुगवटा.

“शिंपीदादा, मूठ जरा डुगडुगतेय. खिळा तेवढा ठोकून द्या. दुसरं काही करू नका.”

“बरं बाबा,” शिंपी म्हणाला. पण त्याचे लक्ष कधीच कोनाड्यातल्या शिसवीच्या तुकड्याकडे गेले होते. असा ध्यान दिसणारा चाकू आपल्या हातून तसाच परत जाणार? छे!

तीन संध्याकाळी खपून त्याने मूठ केली. काळीभोर, गुळगुळीत, आणि दोन्ही अंगांना पाच पाकळ्यांची पितळी फुले. बाभळीचा ठोकळा गेला बंबात.

माळीबाबांनी चाकू हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. “फार कष्ट घेतलेत, दादा,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, “जुनी मूठ आहे का हो?”

“ती बंबात गेली की! तिचं काय करायचंय आता?”

“काही नाही,” माळीबाबा म्हणाले आणि गेले.

शिंपी हिरमुसला. एवढा जीव ओतून काम केले आणि म्हाताऱ्याच्या तोंडून एक ‘वा’ निघू नये! “गाढवाला गुळाची चव काय,” असे तो रागारागात बोललासुद्धा.

पुढच्याच आठवड्यात मोठे वादळ झाले आणि आमराईतले सगळ्यात जुने झाड मुळासकट आडवे झाले. त्याला गाव ‘गुळगोटी’ म्हणायचे. उन्हाळ्यात गावातले एकही लग्न, एकही बारसे गुळगोटीच्या रसावाचून झालेले नव्हते. त्याच्या कोयी लोकांनी आजवर किती ठिकाणी लावल्या असतील, पण आलेले झाड दर वेळी आंबट निघे. गुळगोटीची चव हवी तर गुळगोटीचीच काडी दुसऱ्या रोपावर बांधायला हवी. आणि आता झाडच पडले होते.

माळीबाबांनी पडल्या झाडाच्या चांगल्या चाळीस काड्या निवडून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. “तीन दिवस हातात आहेत,” ते म्हणाले. “तेवढ्यात बांधल्या तर बांधल्या. काड्या सुकल्या की गुळगोटी संपली.”

दुसऱ्या दिवशी आमराईतल्या मांडवाखाली अर्धा गाव जमला. शिंपी सगळ्यांत पुढे. काय करणार, आपली मूठ चारचौघांत चमकताना बघायची होती ना त्याला!

कलमाचे काम तसे पाहायला सोपे. लहान रोपाचा शेंडा छाटून त्याला मधोमध चीर द्यायची, काडीचे टोक पाचरीसारखे तासायचे आणि चिरेत बसवून घट्ट बांधायचे. पण काडी तासताना केसाएवढे जरी वाकडे झाले तरी कलम धरत नाही. माळीबाबांनी पहिली काडी तासायला घेतली आणि मूठ हातात फिरली. वाकडा काप. दुसरी घेतली, तोच प्रकार. अशा सहा काड्या वाया गेल्या. सातवीच्या वेळी चाकू निसटला आणि म्हाताऱ्याच्या अंगठ्यातून रक्त आले.

तेव्हा कुठे शिंप्याने त्यांच्या हाताकडे नीट पाहिले. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वळतच नव्हते. कधीकाळी झाडावरून पडून ती ताठ झाली होती. जुन्या मुठीतला तो खळगा अंगठा बसायला होता आणि तो सुतळीचा फुगवटा या दोन मुक्या बोटांना टेकायला. त्या ठोकळ्यात ओबडधोबड असे काहीच नव्हते. जे होते ते मोजूनमापून होते, आणि शिंप्याने ते बंबात घातले होते.

मागे लोकांची कुजबुज सुरू झाली.

“हात गेला म्हाताऱ्याचा.”

“एवढा देखणा चाकू दिलाय, तरी जमेना!”

“परगावचा माणूस बोलवा.”

“तो पोचेपर्यंत काड्यांची लाकडं होतील.”

कोणीतरी शिंप्याच्या पाठीवर थाप मारली. “तुमची मूठ मात्र झकास हं, दादा!”

ती थाप त्याला चटक्यासारखी लागली. माळीबाबा मान खाली घालून अंगठ्याला चिंधी बांधत होते. मुठीला त्यांनी बोल लावला नाही. शिंप्याला कळून चुकले की आपण गप्प बसलो तर हे कोणालाच कळणार नाही. दोष म्हाताऱ्याच्या वयाला जाईल, आपले नाव शाबूत राहील. आणि बोललो, तर इतक्या वर्षांची वा वा एका क्षणात मातीत. तेवढ्यात म्हाताऱ्याने आठवी काडी उचलली.

“थांबा बाबा!” शिंपी ओरडलाच आणि लोकांकडे वळला. “त्यांचा हात नाही गेला. घोळ मी घातलाय. त्यांनी खिळा ठोकून मागितला आणि मी मूठच बदलली. त्यांच्या हाताची मूठ मी जाळून टाकली.”

मांडवातले सगळे त्याच्याकडे वळले. मग एकजण म्हणाला, “काय माणूस आहेस रे!” आणि शिंप्याने ते ऐकून घेतले.

“पण बाबा,” त्याने विचारले, “तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?”

“तुम्ही एवढ्या हौसेनं केलं होतंत,” म्हातारा म्हणाला. “तोंडावर नको कसं म्हणायचं?”

शिंप्याला रडू कोसळायचे बाकी राहिले. “माप घेतल्याशिवाय मी कुणाची साधी बंडी बेतत नाही,” तो म्हणाला. “आणि तुमच्या हाताचं माप घ्यायचं मला सुचू नये!” एवढे बोलून तो घराकडे धावत सुटला.

शिंपीण परातीत कणीक मळत होती. त्याने तो गोळाच उचलला.

“अहो, कणीक कुठं नेताय?”

“माप घ्यायला!”

मांडवात येऊन त्याने मुठीभोवती कणीक थापली. “बाबा, डोळे मिटा आणि काडी तासायला धरता तसा चाकू धरा.” म्हाताऱ्याने धरला. हात सोडवला तेव्हा कणकेत खळगा उमटला होता आणि त्याच्या विरुद्ध अंगाला ताठ बोटांची खूणही.

नवी मूठ घडवायला आता वेळ नव्हता. होती तीच तासायची. शिंप्याने कणीक अलगद काढून समोर ठेवली, घरून येताना आणलेल्या पिशवीतून कानस काढली आणि आपल्याच शिसवीवर चालवली. पहिले पितळी फूल उडाले तेव्हा त्याची नजर त्यामागे गेली, खोटे कशाला सांगा. पण हात थांबला नाही. थोडे घासायचे, बाबांच्या हातात द्यायचे, पुन्हा घासायचे. दोनदा खळगा चुकला, तो सरकवून नीट केला. शेवटी मेण लावलेला जाड दोरा गुंडाळून त्याने फुगवटा आणला. दिवस कलायला आला तेव्हा ती मूठ इतकी बेढब दिसत होती की बाजारात कोणी हात लावला नसता.

माळीबाबांनी चाकू धरला. अंगठा आपल्या जागी बसला, ताठ बोटे टेकली. त्यांनी काडी घेतली आणि पाते एकदा सरकन फिरवले. काप असा स्वच्छ आला की मांडवातल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

“हं,” म्हातारा म्हणाला, “आता रोप द्या.”

सात काड्या फुकट गेल्या होत्या, उरल्या तेहतीस. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी मिळून त्या सगळ्या बांधून झाल्या. शिंपी शेजारी बसून बांधायला चिंध्यांच्या पट्ट्या फाडून देत होता.

पण काड्या जगतील का, हे कोण सांगणार? पुढे तीन आठवडे शिंप्याला घास गोड लागला नाही. रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून तो आमराईत जाई आणि रोपांपुढे उकिडवा बसे.

“अहो, बघून बघून लवकर फुटतात होय?” माळीबाबा हसत.

विसाव्या दिवशी एका काडीच्या टोकाला तांबूस पालवीचा ठिपका दिसला. मग दुसऱ्या काडीला. दोन दिवसांत सव्वीस कलमे फुटली. शिंप्याचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच मातीत बसला आणि हसता हसता रडू लागला.

“उठा, शिंपीदादा,” माळीबाबा म्हणाले. “गुळगोटी वाचली. आता जाऊन जेवा.”

त्या दिवशी शिंपी घरी गेला, पोटभर जेवला, दोनदा आमटी मागून घेतली आणि भर दुपारी असा घोरत झोपला की शिंपिणीने गिऱ्हाइकांना दारातूनच परत पाठवले.

तात्पर्य, मुलांनो आणि मोठ्यांनोही: दुसऱ्याचे काम करताना आपली हौस नव्हे, त्याची गरज पाहावी, आणि चुकलेच तर वेळेवर कबूल करावे, म्हणजे चूकही सुधारते आणि मनही मोकळे होते.