धुराचा माग

डोंगरांनी वेढलेल्या एका नगरात एकदा पौष महिना फार जड गेला. सकाळी धूर उतरे तो दुपारपर्यंत हलत नसे. तिथल्या वृद्ध वैद्यांचा शिष्य इंद्रसेन दिवसभर काढे देऊन थकून जाई. त्याच्या बहिणीचे तान्हे मूलही धापा टाकत होते. दोष कुणाचा, याविषयी नगरात दुमत नव्हते. नदीपलीकडे वीटभट्ट्या होत्या. तिथल्या वीस कुटुंबांना हुसकून लावायचे ठरले. सभेला फक्त वैद्यांचा होकार हवा होता.

“चार दिवस द्या,” वैद्य म्हणाले. त्यांनी चार पांढऱ्या फडक्यांवर तेलाचा हात फिरवला आणि ती इंद्रसेनाला दिली. “एक भट्ट्यांपाशी बांध, एक आपल्या चौकात, एक वरच्या ओसाड माळावर आणि एक नदीच्या खालच्या अंगाच्या गावात.”

“गुरुजी, भट्ट्यांचा धूर डोळ्यांना दिसतोय. मग हे कशाला?”

“बांधून तर ये.”

चौथ्या दिवशी इंद्रसेन चारही फडकी सोडून घेऊन परतला. भट्ट्यांजवळचे फडके काळे होते, चौकातले त्याहून काळे. माळावर ना चूल ना बंब, तरी तिथलेही राखाडी.

“आणि खालच्या गावातले?”

“काजळलेय. गेल्या हिवाळ्यात त्यांनी एका चुनेवाल्याची भट्टी मोडून त्याला घालवून दिले. तरी गाव खोकतेच आहे.”

वैद्य म्हणाले, “उन्हाळ्यात तापलेली हवा धूर घेऊन वर जाते. थंडीत जमीन गारठते, गार हवा तळाशी बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते. मग भट्टीचा, बंबाचा, कचऱ्याचा, आपल्या काढ्याच्या चुलीचा, सगळा धूर खालीच कोंडतो. वरच्या शिवारात पाचट जाळतात, तो धूर उतरून आपल्याकडे येतो. आपला खाली जातो. भट्ट्या निर्दोष नाहीत, पण एकट्याही नाहीत.”

इंद्रसेनाने सभेत चारही फडकी पसरली. लोक चिडले, पुष्कळ बोलले. अखेर थंडीचे दोन महिने भट्ट्यांनी आणि कचरा जाळणाऱ्यांनीही आग बंद ठेवावी, वरच्या शिवारांना निरोप धाडावा आणि कुणालाही हुसकून लावू नये, असे ठरले. धूर एका दिवसात गेला नाही. बहिणीचे मूल फाल्गुनात बरे झाले.

त्याआधीच इंद्रसेन एकटा खालच्या गावी जाऊन आला होता. पाटलांच्या ओट्यावर बसून तो म्हणाला, “तुमच्या चुनेवाल्याला परत बोलवा. थोडा धूर त्याचा होता. बराचसा आमचा.”

पाटलांनी शेजारचे पागोटे उचलले. मग म्हणाले, “तो कुठे गेला, हे आम्ही कुणी विचारलेच नाही हो,” आणि पागोटे बांधून विचारायला निघाले.