म्हाळसेनं बांधलेला काठ

एका राज्यात राजा चंद्रकेतूची बाग होती. मधोमध हिरवळ, भोवती फुलांचे वाफे. दरबारातून हाकललेल्या एका मांत्रिकानं त्या बागेला शाप दिला. राणी मृणालवती वाफ्यातलं निशिगंधाचं रोप झाली आणि हिरवळ तिच्यावर चालून येऊ लागली.

"गवताची मुळी राणीच्या मुळीला लागली की राणी गेली," मांत्रिक म्हणाला. "तीन दिवस गवत अडवाल तर शाप उतरेल. अडवताना जो हरेल, तो गवत होईल."

गवत दगडांनी अडवायला सात पाथरवट आले, सातही गवत झाले. सातवा रायबा. त्याची बायको म्हाळसा छिन्नी-हातोडा घेऊन दरबारात उभी राहिली, तेव्हा गवत राणीपासून हातभर अंतरावर आलं होतं.

"हिरवळ जाळू का?" राजानं विचारलं.

"त्यात सात माणसं आहेत, महाराज. एक काडीही तुटता कामा नये. मी दगडी काठ बांधते."

बागेत एक साळुंकी होती. तिनं सातही जणांची हार पाहिली होती. म्हाळसेनं तिला विचारलं, "बाई, गवत आलं कुठून?"

"कुणाच्या दगडावरून, कुणाच्या सांध्यातून. तुझ्या धन्याच्या दगडाखालून."

म्हाळसा काळ्या डोंगराकडे गेली. डोंगर म्हणाला, "किती दगड नेशील?"

"लागतील तेवढेच."

डोंगरानं कूस उघडली.

तिनं दोरी ताणली, वाफ्याच्या बाजूनं कमरेइतका चर खणला. चरात डोकावलेली एकेक मुळी बोटांनी अलगद मागे सारली. तळाशी मुरूम घातला, पाणी मारून धुम्मसानं ठोकला. त्यावर उभे दगड बसवले, जमिनीच्या वर वीतभर राखून. दोन दगड भिडेनात तर ती पुन्हा घडवी, पुन्हा बसवी. राजा सिंहासन सोडून काठाशी येऊन बसला. असं काम त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी गवत दगडावर चढलं. गुळगुळीत माथ्यावरून घसरून पडलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांधे चाचपले. मुंगी शिरेल एवढीही फट नव्हती.

तिसऱ्या दिवशी गवताची मुळी दगडाखालून जायला खाली उतरू लागली. साळुंकी जमिनीला कान लावून सांगू लागली, "एक वीत. दोन वीत. तीन वीत."

म्हाळसेची पावलं हिरवी झाली.

"बाई, बाजूला हो," राजा म्हणाला. "तुझाही जीव जाईल."

"दगड बसवलाय तो मी, महाराज. उभीही मीच राहीन."

हिरवा रंग घोट्याच्या वर चढला. तिला रायबाचे हात आठवले, आणि पहिल्यांदाच भीती वाटली. पण ती हलली नाही.

"मुळी मुरुमाला टेकली," साळुंकी म्हणाली. मग तिनं पुन्हा कान लावला. "थांबली."

सूर्य मावळला. वाफ्यातून राणी उठली, पदराची माती झटकत. हिरवळीतून सात पाथरवट उठले, म्हाळसेच्या पायांचा हिरवा रंग उतरला. मांत्रिकाची विद्या त्याच क्षणी आटली. गवत तेव्हापासून गवतासारखं वागू लागलं.

राजानं म्हाळसेला राज्याची मुख्य पाथरवटीण नेमलं. रायबा मात्र काठाशी गुडघे टेकून बसला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं सांध्यांवरून तळवा फिरवला.

"चर किती खोल घेतलास?"

"कमरेइतका."

"मी गुडघ्याइतका घेतला होता," तो म्हणाला, आणि तिची हत्यारं उचलून तिच्यामागून घराकडे चालू लागला.