विंगेतला अंधार

सांगलीतल्या एका बालनाट्य मंडळात प्रत्येक मुलाला काम मिळायचं, मग ते कुबडी घेऊन चालणारं असो की बोलताना अडखळणारं. नाटक मृदुलाबाई बसवायच्या. त्यांचं स्वतःचं पाठांतर मात्र असं की घरचा पत्ता सांगायलाही प्रॉम्प्टर लागावा.

प्रयोगाच्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब विंगेत डोकावले आणि केतकीला बघून थबकले. केतकीला जन्मापासून दिसत नव्हतं.

"बाई, ही इथे काय करतेय?"

"प्रॉम्प्टिंग. कुणी वाक्य विसरलं की ही हळूच सांगते."

"अहो, जिला दिसत नाही ती वाचणार काय, कपाळ? हिला पाहुण्यांना फुलं द्यायला उभी करा. इथे डोळस माणूस बसवा, नाहीतर मी पडदा उघडू देणार नाही!"

बाईंना ऐनवेळी वाक्यच सुचेना. केतकीनं मात्र कुतूहलानं विचारलं, "आजोबा, नाटक चालू असताना विंगेत दिवा असतो का हो?"

"छे! मिट्ट काळोख. उजेड दिसला तर प्रेक्षकांचा रसभंग होतो."

"मग तुमचा डोळस माणूस त्या काळोखात वाचतो तरी कसा?"

आणि मांडीवरच्या ब्रेल वहीवरून बोटं फिरवत तिनं अख्खा पहिला प्रवेश घडाघडा वाचला.

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं, पण शब्द काही फुटेना. केतकी जरा वाट बघून त्यांच्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, म्हणा, 'पडदा उघडा.'"