टाक्यावरचा पहारा

फार पूर्वी दोन राज्यांच्या सीमेवर एक गड होता. माणसं गेली आणि पाण्याच्या टाक्यातलं म्हातारं कासव तेवढं मागे राहिलं. एका उन्हाळ्यात एका वानराने ते टाकं अडवलं.

"गड आता माझा आहे!" तो तहानलेल्या हरिणीवर खेकसला.

कासव म्हणालं, "गड जिंकल्यावर हैबतरावही असंच म्हणाले, नंतर मुरादखानही. आता त्यांचे चेहरेसुद्धा आठवत नाहीत."

"मग आठवतं कोण?"

"किल्लेदारीण उमाबाई. वेढा उठल्यावर शत्रूचे जखमी घोडे मागे राहिले होते, त्यांना तिने इथलं पाणी पाजलं. गड तिच्याकडेही राहिला नाही. पण संध्याकाळ झाली की अजून वाटतं, ती येऊन काठावर बसेल."

 मग वानर बाजूला सरकून हरिणीला म्हणाला, "ये. पायरी निसरडी आहे, जपून उतर."